माती आधी तपासा, बिल मागाहून पाठवा

जुन्या कारखान्यांच्या जागांची माती तपासायला सरकारी तिजोरीतून पैसे द्यावेत का, हा वाद आपल्याकडे अधूनमधून पेटतो आणि दर वेळी त्याच खाचेत अडकतो. एक बाजू म्हणते, ज्याने घाण केली त्याने भरावे, जनतेचा पैसाही त्यात जाता कामा नये. दुसरी म्हणते, असल्या तपासण्यांनी पुनर्विकास रखडतो, घरे महागतात, तेव्हा हे लचांड नकोच. पहिली बाजू न्यायाची वाटते, दुसरी व्यवहाराची. पण दोघांनीही तपासणी आणि सफाई ही दोन कामे एकच धरली आहेत, आणि सगळा घोळ तिथेच आहे. सफाईचे पैसे कोणी द्यायचे हे ठरवायला आधी कळावे लागते की जमिनीत काय आहे, किती खोल आहे, कुठवर पसरले आहे आणि कोणाच्या काळातले आहे. ही माहिती गोळा करणे हे सरकारचे काम आहे आणि त्याचे पैसे सरकारनेच आधी घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. निकाल जाहीर करावेत, खर्च त्या जमिनीवर बोजा म्हणून चढवावा आणि बांधकामाची परवानगी मागायला मालक आला की वसूल करावा. सफाईचा खर्च मात्र जनतेवर टाकू नये. अपवाद फक्त अशा जागांचा, जिथे जबाबदार धरायला कोणी उरलेलेच नाही.

हा प्रश्न आता टाळताही येणार नाही. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा नेमलेल्या संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, त्यापुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करून निर्णय द्यायचा, अशी ती चौकट आहे. तोवर देशभरात १०३ जागा प्रदूषित म्हणून नोंदल्या गेल्या होत्या आणि प्रत्यक्ष सफाई सुरू झाली होती ती ७ ठिकाणी. नियम आले हे चांगलेच झाले. पण कागदावरचे ९० दिवस बोअर मारत नाहीत. यंत्र, भूवैज्ञानिक, प्रयोगशाळा आणि जुनी कागदपत्रे चाळणारी माणसे यांचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून निघणार, हे ठरले नाही तर जिल्ह्याजिल्ह्यांतून 'निरंक' अहवाल येत राहतील. यादीत जागा घालणे म्हणजे स्वतःच्या मागे बिनपैशाचे काम लावून घेणे, असे असेल तर कोणता अधिकारी ती घालील?

गिरणगावाकडेच बघा. कापडगिरणी म्हटले की सूत, भोंगा आणि चाळ डोळ्यांपुढे येते, रसायन येत नाही. पण गिरणीच्या नकाशावर बोट ठेवत गेले की चित्र बदलते. बॉयलर हाऊसमध्ये वर्षानुवर्षे दगडी कोळसा जळला आणि त्याची राख आवारातच खळगे बुजवायला वापरली गेली. तिच्यात आर्सेनिकसारखी द्रव्ये असतात. पुढे फर्नेस ऑइल आले, त्याच्या टाक्या आल्या, टाक्यांचे सांधे गळले. रंगखात्यात क्रोमियमचे क्षार, गंधकाचे रंग आणि ब्लीचिंगची रसायने वापरात होती आणि त्यांचे सांडपाणी विटांच्या नाल्यांतून वाहत होते. अशा नाल्याला तडा गेला की पाणी गटारापेक्षा जमिनीत जास्त मुरते. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमधल्या जुन्या तेलांत पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) ही विषारी रसायने असण्याची शक्यता असते. वाफेच्या पाइपांवर ॲस्बेस्टॉसची गुंडाळी असे, आणि शेड पाडताना ती मातीत मिसळते. लालबागला तर कोळशापासून गॅस काढणारी कंपनीच होती. अशा जागांत डांबर आणि गॅस शुद्ध केल्यानंतरचा सायनाइडयुक्त चोथा सापडतो, हा जगभरचा अनुभव आहे. कुर्ला, भांडुप, मुलुंड, ठाणे या पट्ट्यात अभियांत्रिकी, रंग आणि औषधांचे कारखाने होते. तिथे धातूवरचे वंगण काढायची क्लोरीनयुक्त द्रावणे (सॉल्व्हंट) वापरली जात. ही द्रावणे पाण्यापेक्षा जड असतात. ती भूजलावर तरंगत नाहीत, खाली बुडतात आणि आपल्या काळ्या दगडाच्या भेगांतून वाट काढत जातात. वरची माती उकरून नेली की काम झाले, असे त्यांच्या बाबतीत होत नाही.

गिरण्यांच्या जमिनीवर आपण केवढा वाद घातला! १९८२ चा संप, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम, २००१ ची दुरुस्ती, २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. एक तृतीयांश मोकळी जागा महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला, ही वाटणी कशावर मोजायची यावर सारी शक्ती खर्ची पडली आणि ती लढाई लढण्यासारखीच होती. पण लढाई क्षेत्रफळाची होती. हाती येणाऱ्या जमिनीच्या पोटात काय आहे, हा प्रश्न त्या वादाच्या कडेलाही नीट उभा राहिला नाही. आता या वाटणीकडे मातीच्या बाजूने पाहा. मालकाच्या वाट्यावर टॉवर उभा राहतो. तीन मजली तळघर खणले जाते, माती बाहेर जाते, वर काँक्रीटचा पोडियम येतो आणि त्यावर बाहेरून आणलेल्या मातीत झाडे लावली जातात. तिथल्या रहिवाशाचा मूळ जमिनीला पायही लागत नाही. जनतेच्या वाट्याला येते ती बाग, मैदान, शाळेचे पटांगण, म्हणजे नेमकी उघडी माती. लहान मूल जिथे हाताने माती उकरते आणि तोच हात तोंडात घालते, ती जागा सार्वजनिक हिश्श्यातली असते. आजच्या नियमावलीतही औद्योगिक भूखंड निवासी करताना त्याचा काही भाग सुविधेसाठी महापालिकेला द्यावा लागतो. हा भाग ताब्यात घेताना मोजणी होते, कुंपण पाहिले जाते, अतिक्रमण पाहिले जाते. मग माती का पाहिली जाऊ नये? स्वतःच्या पदरात पडणाऱ्या जमिनीची परीक्षा स्वतःच्या पैशाने करणे याला बिल्डरवरची खैरात कसे म्हणता येईल?

'घाण करणाऱ्याने भरावे' या तत्त्वाला माझा विरोध नाही. ते आपल्या कायद्याचा भाग आहे आणि राहिले पाहिजे. पण ते तत्त्व ज्या खटल्याने आपल्याकडे रुजवले, त्याची कथा नीट वाचली तर ती माझ्याच बाजूने साक्ष देते. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-ॲसिड हे रंगधंद्यातले रसायन बनवणाऱ्या कारखान्यांनी माती आणि विहिरी नासवल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कंपन्यांना सफाईचा खर्च भरायला सांगितले आणि पुढे त्याचा आकडा ठरला ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये. हा आकडा आला कुठून? नागपूरच्या नीरी या सरकारी संस्थेने तिथली जमीन आणि विहिरी तपासल्या, त्या अभ्यासाच्या पायावर केंद्राने हिशोब मांडला, तेव्हा कुठे वसुलीला आकार आला. तरीही कंपन्या एकामागून एक अर्ज करत राहिल्या आणि २०११ मध्ये न्यायालयाला १२ टक्के चक्रवाढ व्याजासह पैसे भरण्याचा आदेश द्यावा लागला. आधी आरोपीने स्वतःच्या खर्चाने स्वतःविरुद्धचा पुरावा गोळा करावा, मग आपण त्याला दंड करू, अशी अट तिथे घातली असती, तर दंडाचा आकडा कधी लिहिला गेला असता का? चोरीचा पंचनामा पोलीस सरकारी खर्चानेच करतात.

आणि घाण करणारा म्हणजे नक्की कोण? मुंबईतल्या ५८ गिरण्यांपैकी २५ राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या मालकीच्या होत्या. १९७४ आणि १९९५ च्या कायद्यांनी त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याआधी त्या खासगी होत्या. १९३० साली गळलेल्या रंगाचे पैसे कोणाकडे मागायचे? ज्या कंपनीचे नाव आज निबंधकाच्या दप्तरातही नाही तिच्याकडे, गिरणी ताब्यात घेणाऱ्या महामंडळाकडे, की लिलावात भूखंड घेणाऱ्या विकासकाकडे? हे ठरवता येते, पण त्यासाठी द्रव्य ओळखावे लागते, ते कोणत्या खात्यातून आणि कोणत्या काळात आले असेल हे जुळवावे लागते. ते काम वादातल्या तीनही पक्षांवर सोपवण्यासारखे नाही, कारण तिघांनाही उत्तर माहीत नसणेच सोयीचे आहे.

मालकाकडून तपासणी करून घेतली तर काय होते, ते जरा जवळून पाहू. मोठ्या बांधकामांना, म्हणजे २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामक्षेत्राला, पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अहवालात मातीचा तक्ता असतो. अनेक अहवालांत या तक्त्यात सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश असे आकडे दिसतात. ही शेताची परीक्षा झाली. तिथे कोणाला ज्वारी पेरायची आहे? त्याहून लहान भूखंडाला तर ही मंजुरीच लागत नाही. जिथे खरोखर प्रदूषणासाठी नमुने घेतले जातात तिथेही ते इमारतीच्या पायासाठी मारलेल्या बोअरमधूनच घ्यायची काटकसर होते. तो बोअर पाणी सोडून, कधी बेंटोनाइटची चिकणमाती घालून मारलेला असतो, त्यामुळे हलकी द्रावणे धुऊन गेलेली असतात. एका भोकातून काढलेला ऑगर, म्हणजे जमीन पोखरायचा गिरमिट, न धुता दुसऱ्या भोकात घालतात आणि पहिल्याचे तेल दुसऱ्यात सापडते. खाडीच्या चिकणमातीचा थर आरपार भेदून बोअर तसाच उघडा सोडला, तर वरच्या भरावातली घाण आजवर जिथे पोचली नव्हती त्या मुरमात उतरते. म्हणजे तपासणीनेच प्रदूषण वाढवले!

मग मिश्र नमुन्याची युक्ती येते. दहा जागांची माती एकत्र कालवून एकच नमुना प्रयोगशाळेला पाठवतात, कारण दहा चाचण्यांच्या जागी एकीचे पैसे लागतात. समजा नऊ ठिकाणी शिसे किलोला ५० मिलिग्रॅम आहे आणि एका ठिकाणी ३,०००. कालवल्यावर आकडा येतो ३४५. अमेरिकेत मुले खेळतात त्या उघड्या मातीसाठी अनेक वर्षे ४०० ही मर्यादा धरली जात होती, त्या मापाने हा भूखंड उत्तीर्ण झाला. ती एक जागा झोपाळ्याखालची असली तर? प्रयोगशाळेतही अशाच फटी असतात. क्रोमियम नुसते 'एकूण' मोजले तर त्यातले घातक षट्संयुजी (हेक्साव्हॅलंट) किती हे कळत नाही, आणि पाण्यातल्या षट्संयुजी क्रोमियमची चाचणी २४ तासांत करावी लागते. नमुना शनिवारी घेऊन सोमवारी पोचवला तर आकडा कमीच येणार. उडून जाणारी द्रावणे मोजायची माती प्लास्टिकच्या पिशवीत भरून गाडीच्या डिकीत ठेवली, तर प्रयोगशाळेत पिशवी पोचते, द्रावण पोचत नाही. यातले काहीही लबाडीने व्हायलाच हवे असे नाही. ज्याला 'काही नाही' हे उत्तर हवे आहे तो ग्राहक पैसे देत असला, की स्वस्तातली प्रत्येक निवड आपोआप त्याच दिशेला झुकते.

चांगली तपासणी मुळात बोअरने सुरू होत नाही, कागदांनी होते, आणि ही बाब खर्चाची चिंता करणाऱ्यांनी नीट समजून घ्यायला हवी. एका एकरात, म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटरमध्ये, २० मीटर अंतराच्या चौकोनी जाळ्यावर बोअर मारले तर दहा बसतात. जमिनीखाली ५ मीटर त्रिज्येचा पिंपे पुरलेला खड्डा असेल, तर तो या जाळ्यात सापडण्याची शक्यता पाचात एक. ती ९५ टक्क्यांवर न्यायची तर अंतर साडेआठ मीटरवर आणावे लागते आणि बोअर होतात ५५ च्या घरात. प्रत्येक एकरात ५५ बोअर कोणालाच परवडणार नाहीत. म्हणून आधी जुने नकाशे काढायचे. कारखाने निरीक्षकांकडे मंजूर झालेले आराखडे, स्फोटके विभागाचे तेलटाक्यांचे परवाने, प्रदूषण मंडळाची संमतीपत्रे, घातक कचऱ्याची वार्षिक विवरणपत्रे, वीज कंपनीकडची सबस्टेशनची जागा, आगीच्या आणि विमा उतरवण्याच्या नोंदी, हे सगळे जमवून नकाशावर चढवायचे. मग जुन्या कामगारांना, विशेषतः रंगखात्यातल्या, बॉयलरवरच्या आणि मेंटेनन्सच्या माणसांना नकाशा घेऊन भेटायचे. पिंपे कुठे रिकामी करत, कोणती टाकी कधी फुटली, कोणत्या शेडमागचा खड्डा बुजवला, हे त्यांच्याइतके कोणत्याही दप्तरात नाही. त्यानंतर दहाच बोअर मारले तरी ते योग्य जागी पडतात. यातली बहुतेक कागदपत्रे सरकारी कार्यालयांतच आहेत, मालकाकडे नाहीत, आणि ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. पंधरा वर्षांनी हीच माहिती यंत्राने शोधायला कितीतरी पट पैसे लागतील. या पहिल्या पायरीला ड्रिलिंग यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, चार-पाच चिकाटीची माणसे लागतात. महापालिकेला एवढेही जड आहे?

एक आक्षेप वजनदार आहे आणि तो मुंबईपुरता खास आहे. मुंबईकर तानसा-वैतरणेचे पाणी पितो, तिसाव्या मजल्यावर राहतो, मग जमिनीखालच्या घाणीचा त्याला उपद्रव काय? खेड्यातल्या विहिरीसारखी थेट बाधा इथे नाही, हे मान्य. पण वाटा आहेत. सोसायट्यांच्या बोअरचे पाणी फ्लशला आणि बागेला जाते, टँकरने कुठे कुठे जाते ते सांगता येत नाही. द्रावणांची वाफ फरशीच्या भेगांतून तळघरात आणि तळमजल्यावरच्या खोल्यांत शिरते. जलवाहिन्या काही तासच भरलेल्या असतात. दाब उतरला की गळक्या सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते, आणि पेट्रोल किंवा द्रावणांनी भिजलेल्या मातीतून प्लास्टिकचा पाइप गेला असेल तर ती द्रव्ये त्याच्या भिंतीतूनही आत झिरपतात. पाया खणणारा मजूर तर महिनोन्‌महिने त्या चिखलात उभा असतो, आणि त्याची झोपडी बहुधा त्याच भूखंडाच्या कोपऱ्यात असते.

आणि माती जागेवर राहत नाही. तळघरासाठी खणलेली माती डंपरमध्ये भरून राडारोड्याबरोबर कुठल्या तरी सखल जागेत, खाणीत, खाडीकाठी भरावाला जाते. खड्ड्यातले पाणी उपसून पावसाळी गटारात सोडले जाते. परळच्या टॉवरखालची घाण अशी दुसऱ्याच्या दारात जाते आणि त्याला कोणी विचारत नाही. इंग्लंडमधल्या कॉर्बी गावात हेच घडले. १९८० मध्ये पोलादाचा कारखाना बंद झाला, नगरपरिषदेने जमीन साफ करायला घेतली, दूषित माती उघड्या गाड्यांतून गावभर नेली, चिखल रस्त्यावर सांडला, वाळला, धूळ उडाली. त्या काळात जन्मलेल्या काही मुलांच्या हातापायांत व्यंगे होती. २००९ मध्ये उच्च न्यायालयाने नगरपरिषदेला निष्काळजीपणाबद्दल दोषी धरले. तिथे हेतू चांगला होता, काम सार्वजनिक होते, पैसाही ओतला होता. हलवतो आहोत ती माती नेमकी काय आहे याची आणि ती कशी हाताळायची याची काळजी घेतली गेली नाही, एवढेच कमी पडले.

'बिल्डरच्या नफ्यासाठी आमचा पैसा का?' हा राग मला समजतो. गिरण्यांच्या जमिनीचे जे झाले त्यानंतर तो राग नसेल तर नवल. पण आजची स्थितीच बिल्डरला जास्त फायद्याची आहे, हे लक्षात घ्या. न तपासलेली जमीन स्वच्छ जमिनीच्या भावाने विकली जाते, नफा विकणाऱ्याच्या खिशात जातो आणि धोका घर घेणाऱ्याकडे, मजुराकडे आणि बागेकडे सरकतो. निकाल जाहीर असेल तर भाव तेवढा उतरतो आणि सफाईचा भार ज्याने जमिनीवर पैसा केला त्याच्याकडे परत जातो. वसुलीसाठी नवे यंत्र उभारायचीही गरज नाही. औद्योगिक जमीन निवासी करताना कामगारांची देणी फेडल्याचा कामगार आयुक्तांचा दाखला आपण मागतोच. कारखान्याने जुने हिशोब मिटवल्याशिवाय नवा धंदा करू नये, हे तत्त्व तिथे आपण स्वीकारले आहे. माती नासवणे हेही त्याच कारखान्याचे राहिलेले देणे आहे. प्रॉपर्टी कार्डावर 'इतर भार' असा रकाना असतो. तपासणीचा खर्च तिथे चढवावा आणि तो व्याजासह फिटल्याशिवाय बांधकाम सुरू करण्याचा दाखला देऊ नये. ज्या भूखंडाचा विकास होणार नाही त्याचा खर्च अडकून राहील, हे खरे. पण तिथेच झोपडपट्टी असते, तिथेच मुले खेळतात, आणि तिथे तपासणी करायला दुसरे कोणीही पुढे येणार नसते.

बदनामीची भीती मात्र मी हलक्यात घेत नाही. चाळकऱ्यांच्या पुनर्विकासाचे आधीच वांधे आहेत. उद्या भूखंडावर 'दूषित' असा शिक्का बसला, बँकेने कर्ज नाकारले, बिल्डर पळाला, तर चाळ पडायला आलेल्या माणसाने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? ब्रिटनमध्ये याच भीतीने एक चांगली कल्पना मारली. १९९० च्या कायद्यात अशा सर्व जमिनींची सार्वजनिक नोंदवही ठेवायची तरतूद होती, जमीन-मालमत्तेच्या धंद्यातून ओरड झाली आणि १९९३ मध्ये सरकारने ती गुंडाळली. त्या नोंदवहीत एक खरा दोषही होता. जिथे कधीकाळी कारखाना होता ती प्रत्येक जागा, माती न तपासता, केवळ जुन्या वापरावरून यादीत जाणार होती. म्हणजे संशय सरकारी आणि निरसन खासगी. आपण तसे करू नये. नोंद तपासणीनंतरची असावी आणि तिच्यात पायऱ्या असाव्यात. तपासली आणि कोणत्याही वापराला चालेल, इमारतीला चालेल पण उघडी बाग नको, अमुक खोलीपर्यंतची माती काढल्यावर चालेल, सफाईशिवाय काहीच नको, अशा. बहुतेक भूखंड पहिल्या दोन पायऱ्यांत बसतील असा माझा अंदाज आहे, आणि तसे झाले तर चाळकऱ्याच्या हाती बँकेला दाखवायला कागद येईल. आज त्याच्या हाती अफवेशिवाय काही नाही.

माहिती खासगी दस्तात दडवून ठेवली की काय होते, याचा दाखला अमेरिकेतल्या लव्ह कॅनॉलने दिला आहे. एका रसायन कंपनीने जुन्या कालव्यात हजारो टन कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जमीन एका डॉलरला शाळा मंडळाला दिली. खाली रसायने आहेत हे खरेदीखतात लिहिलेले होते! तरी तिथे शाळा झाली, आजूबाजूला घरे झाली, आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. खरेदीखत वाचणारे आणि मातीवर खेळणारे वेगवेगळे होते. त्यानंतर १९८० मध्ये अमेरिकेने दोषी कंपन्यांवर कडक जबाबदारी टाकणारा सुपरफंड कायदा केला, आणि त्याचाच एक उलटा परिणाम असा झाला की जबाबदारीच्या धाकाने जुन्या कारखान्यांच्या जमिनींना कोणी हात लावीना. शहरांच्या मध्यात त्या ओस पडल्या. उपाय म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांच्या पर्यावरण संस्थेने नगरपालिकांना नुसत्या तपासणीसाठी दोन लाख डॉलरपर्यंत अनुदाने द्यायला सुरुवात केली. दोषीने भरावे या तत्त्वाचा सगळ्यात कठोर कायदा असलेल्या देशालाही तपासणीचा पैसा शेवटी सार्वजनिकच करावा लागला.

आपल्याला तर परदेशात जायचीही गरज नाही. १८२० च्या दशकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी प्रिंगल यांनी पुणे भागात जमीनमहसुलाची आकारणी केली ती कागदावर फार शास्त्रशुद्ध होती, पण मोजण्या आणि नोंदी खोट्या-चुकीच्या होत्या. शेतकऱ्यांवर न पेलणारा सारा बसला, अनेकांनी जमिनी सोडल्या. मग १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी सुरू केली. त्यातून जी पद्धत घडली तिच्यात मातीचा पोत आणि खोली पाहून, पावणेदोन हातांपासून पाव हातापर्यंत, १६ आण्यांपासून २ आण्यांपर्यंत नऊ प्रती लावल्या जात. चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणे असे दोष खुणांनी वेगळे नोंदत आणि त्या प्रमाणात प्रत उतरवत. कंपनी सरकारने हे रयतेच्या प्रेमापोटी केले नाही, वसुलीसाठी केले. पण वसुली हवी असेल तर जमिनीची परीक्षा सरकारने आपल्या खर्चाने, एका मापाने, गावासमोर केली पाहिजे, एवढे त्यांना एका फसलेल्या प्रयोगानंतर उमगले. प्रत्येक खातेदाराने स्वतःच्या मातीची प्रत स्वतः लावून आणावी असे ठरले असते तर किती जमीन १६ आण्यांची निघाली असती?

सरकारी तपासणीही कागदोपत्रीच होईल, ही शंका शेवटी उरते, आणि ती निराधार नाही. म्हणून काही अटी पहिल्या दिवसापासून घालायला हव्यात. बोअर मारणारी, नमुने तपासणारी आणि अहवाल लिहिणारी संस्था एकच नसावी. प्रत्येक दहा नमुन्यांमागे एक नमुना दोन भाग करून दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जावा. नमुना कोणाच्या हातून कधी गेला याची सही-वेळेची साखळी त्याच्याबरोबर असावी, प्रत्येक बोअरचे अक्षांश-रेखांश आणि थरांचा तक्ता मूळ आकड्यांसह जाहीर व्हावा, नुसता निष्कर्ष नको. भूजलाचे नमुने पावसाळ्यापूर्वी आणि नंतर असे दोनदा घ्यावेत, कारण पातळी वर आली की कोरड्या थरातली घाण पाण्यात उतरते आणि मे महिन्यातला स्वच्छ बोअर सप्टेंबरात वेगळे बोलतो. खोटे केल्यास पकडले जाण्याची वाट यामुळे उघडी राहते. खासगी अहवालात ती नसते, कारण तो अहवाल ग्राहकाच्या मालकीचा असतो आणि नावडता निघाला तर कपाटात राहतो.

सुरुवात सगळ्या शहराची नको. आधी महापालिकेच्या ताब्यात आलेल्या आणि येऊ घातलेल्या गिरण्यांच्या मोकळ्या जागा घ्याव्यात, मग वस्त्रोद्योग महामंडळाच्या उरलेल्या गिरण्या, जिथे जबाबदारही सरकारच आहे, आणि मग लालबहादूर शास्त्री मार्गावरचे व ठाण्यातले बंद कारखाने. अशा जमिनींवरच्या बांधकामांतून महापालिकेला मिळणाऱ्या अधिमूल्यातला (प्रीमियममधला) ठरावीक हिस्सा या कामाच्या स्वतंत्र निधीत टाकावा आणि वसूल झालेला खर्च त्याच निधीत परत यावा. आणि पहिल्या वर्षाचा पैसा यंत्रांवर घालू नये. तो कारखाने निरीक्षकांच्या दप्तरातले जुने आराखडे स्कॅन करण्यावर आणि रंगखात्यांतल्या हयात कामगारांना नकाशा घेऊन भेटण्यावर घालावा.